पहिला घाणा

कास्तेलानचा घाट संपत आला होता. गाडी अपोलीन चालवत होती. शेजारी बसलेला लुदोविक बेसों खिडकीची काच खाली घेत होता, वर करत होता, पुन्हा खाली घेत होता.

"मस्यू बेसों, काच एक तर उघडी ठेवा नाहीतर बंद तरी करा," ती शेवटी म्हणाली. "लहान पोर शेजारी बसवल्यासारखं वाटतंय मला."

त्याने काच बंद केली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. जुलै संपत आला होता, सकाळचं ऊनही आत्तापासून रणरणत होतं.

"आणि एक सांगायचंय," अपोलीन म्हणाली. "परत गेल्यावर सांगणार होते, पण मग तुम्ही म्हणाल, दिवसभर पोटात ठेवून हिंडली. सोमवारी मी संचालकबाईंना भेटणार आहे. नोकरी सोडतेय."

"का?" त्याने विचारलं. विचारायला काय जातंय, उत्तर त्याला ठाऊकच होतं.

"नाक नाही मला. असतं तर आतापर्यंत दिसलं असतं. माझ्या बहिणीचं नीम शहरात चष्म्यांचं दुकान आहे, ती कधीची बोलावतेय. तिथं बरं, नंबर किती ते मशीनच सांगतं."

"इतकी घाई करू नकोस."

"घाई कसली? एप्रिलपासून जिथं तोंड उघडलं तिथं आपटले. तुम्ही चांगले म्हणून सांभाळून घेतलंत. दुसऱ्या कोणी कधीच हाकलून दिलं असतं."

'तुम्ही चांगले' हे त्याला असं झोंबलं की त्याने पुन्हा काच खाली घेतली.

दक्षिण फ्रान्समधल्या ग्रास गावात अत्तराच्या कंपनीत वास पारखणाऱ्या माणसाला सरळ 'नाक' म्हणतात. लुदोविक गेली तीस वर्षं एका कंपनीचं नाक होता. शेतकऱ्यांकडून, दलालांकडून येणारं प्रत्येक तेल आधी त्याच्यापुढे येई. तो कागदाच्या पट्टीवर थेंबभर घेई, हुंगे आणि हो किंवा नाही म्हणे. त्याचा पगार, त्याचा मान, गावात लोक त्याला हात करत ते, सगळं त्या हो-नाहीवर उभं होतं. फेब्रुवारीत त्याला फ्लू झाला. ताप उतरला, खोकला गेला आणि जाताना वासही घेऊन गेला. कॉफी म्हणजे गरम पाणी झालं, चीज म्हणजे मेण. डॉक्टर म्हणाले, कदाचित परत येईल, कदाचित येणारही नाही, वाट पाहा. त्याने वाट पाहिली, पण गुपचूप. घरी सांगायला कोणी नव्हतं, बायको केव्हाच वेगळी झाली होती. आणि ऑफिसात सांगायची त्याची छाती झाली नाही.

मग सोंग सुरू झालं. प्रयोगशाळेच्या यंत्रातून निघालेले आकडे आधीच वाचून ठेवायचे, समोरच्याच्या नाकपुड्यांवर लक्ष ठेवायचं आणि अंदाज ठोकून द्यायचा. तीस वर्षांच्या अनुभवावर बरंच काही निभावून गेलं. आडवी यायची ती एकटी अपोलीन, कारण तिला शिकवायचं काम त्याचंच होतं आणि ती खरंच हुंगायची. एप्रिलात नेरोलीचा, म्हणजे संत्र्याच्या फुलांच्या तेलाचा डबा आला. ती म्हणाली, जळकट येतंय. आकडे तर ठीक होते. लुदोविकने पट्टी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, "तुझं नाक दमलंय. घरी जा, झोप काढ." ती गेली आणि डबा पॅरिसला गेला. पुढे पॅरिसहून फोन आला, माल जळका आहे म्हणून. लुदोविकने माफी मागितली, दुसरा डबा रवाना केला आणि अपोलीनला त्यातलं काही कळू दिलं नाही. गुलाबाच्या वेळी तेच, देवदाराच्या वेळी तेच. पोरगी हळूहळू बोलायचीच थांबली. हुंगायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

माणूस दुष्ट नव्हता. भित्रा होता, आणि आपण कोणाच्या जिवावर भितोय हे त्याला पुरतं दिसत होतं. अपोलीनला थांबवू शकेल असं एकच वाक्य होतं आणि ते फक्त त्याच्यापाशी होतं. ते उच्चारलं की ती राहणार आणि तो जाणार. सोमवारच्या आत काय ते ठरवायचं होतं आणि आज शनिवार होता.

बानों गावाच्या वरच्या पठारावर युगेत रोमानची लव्हेंडरची शेती. गाडी थांबली, अपोलीनने दार उघडलं आणि तिथंच उभी राहिली.

"बघा," ती आपला हात पुढे करून म्हणाली, "काटा आलाय अंगावर. तुम्हाला सवय असेल."

"यंदा जोर आहे," लुदोविक म्हणाला. त्याच्यापुढे जांभळ्या रांगा टेकडीपर्यंत गेलेल्या होत्या, मधमाश्यांचा आवाज येत होता आणि वासाच्या जागी नुसती गरम हवा होती.

युगेत टोपी सावरत आली. पासष्टी उलटलेली, बांधा आडवा, आवाज शेताच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. भेटीच्या रिवाजाप्रमाणे तिने लुदोविकच्या गालाला गाल लावला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा पुढे झाली तर हा मागे सरलेला.

"दोनवरच थांबलास?" ती म्हणाली. "इतकी वर्षं येतोयस, इथं तीन असतात हे अजून शिकला नाहीस. ग्रासवाले गालांतसुद्धा काटकसर करतात बाई. आणि वाळलास किती. जेवतोस की नुसता हुंगतोस?"

"काम फार आहे."

"काम मला सांगू नकोस. ही कोण, तुझी शागीर्द? ये पोरी. पहिल्यांदाच येतेयस ना पठारावर? बरं झालं, पहिल्यांदा येणारी माणसं मला आवडतात."

भट्टीपाशी तिचा जावई रेमी भल्यामोठ्या तांब्याच्या भांड्यात उतरून कापलेलं लव्हेंडर पायांनी तुडवून बसवत होता. आदल्या आठवड्यात गडगडाट होऊन पाऊस पडल्यामुळे सगळं लांबलं होतं. आज वर्षातला पहिला घाणा लागणार होता. त्या दिवशी कंपनीच्या नाकाने यायचं, पहिल्या तेलाचा वास घ्यायचा आणि मग सगळ्यांनी मिळून जेवायचं, हा इथला जुना रिवाज. नवं तेल भट्टीतून निघालं की वासाला वाईटच असतं. लव्हेंडर कुठल्या कुठे लपलेलं असतं आणि वर उकडलेल्या कोबीचा, तांब्याचा वास येतो. महिनाभर बसलं की मग ते माणसात येतं. म्हणून पहिली पट्टी हुंगून लुदोविकने नाक मुरडायचं, "भांडं बोलतंय" म्हणायचं, की सगळे हसणार आणि जेवायला बसणार. हे मुरडणं त्याने गेले चार दिवस दाढीच्या आरशात घोटून ठेवलं होतं.

भट्टी पेटली, पण तापायला वेळ लागणार होता. लुदोविक बाकावर बसला, उठला, भट्टीला एक फेरी मारून आला, फोन काढून पाहिला, पुन्हा खिशात टाकला.

"बस ना रे जरा," युगेत तुतीखालच्या दगडी मेजावर खरबूज चिरत म्हणाली. "बुडाखाली मुंग्या आहेत का?"

"पाय मोकळे करून येतो."

"जा बाबा, जा. मधमाश्यांना नमस्कार सांग."

तो रांगांमधून लांबवर चालत गेला. वाटेत पांढरा झगा घातलेली एक बाई फुलांत उभी होती आणि तिचा नवरा गुडघ्यावर बसून तिचे फोटो काढत होता. "जरा बाजूला होता का," तो म्हणाला, "तुम्ही मागे येताय." लुदोविक बाजूला झाला, तर तिथंही तो मागे येत होता. शेवटी तो पार टेकडीच्या कडेला गेला. तिथं त्याने लव्हेंडरचा तुरा तोडला, तळहातांत चुरडला आणि तोंड त्यात खुपसलं. काही नाही. दुसरा चुरडला. बोटं चिकट झाली, डोळ्यांत पाणी आलं, पण वास काही आला नाही. अपोलीन खाली भट्टीपाशी युगेतबरोबर हसत उभी होती, तिचा पिवळा स्कार्फ तिथूनही दिसत होता.

"अपोलीन, मला वास येत नाही," त्याने मोठ्याने म्हणून पाहिलं. मधमाश्यांनी काम सोडलं नाही. पुन्हा म्हणाला. सोपं होतं. चार शब्द. परतताना गाडीत सांगू, असं त्याने ठरवलं. मग वाटलं, गाडीत नको, ती चालवत असणार. मग जेवणानंतर. मग जेवणाआधीच, म्हणजे एकदाचं सुटू. पावलापावलाला बेत बदलत तो खाली उतरला.

मेजावर छोटी बाटली उघडी होती. भट्टीतून वाफ निघत होती, रेमी शिडीवर उभा होता. अपोलीन कागदाची पट्टी नाकाशी धरून डोळे मिटून बसली होती.

"आलास वेळेवर," युगेत म्हणाली. "पहिला घाणा, लुदोविक. हिचं सांगून झालंय. आता गुरूचं ऐकू." आणि तिने त्याला डोळा मारला.

त्याने तो पाहिलाच नाही. त्याने पट्टी घेऊन डोळे आधीच मिटले होते. पट्टी नाकाखालून एकदा फिरवली आणि आरशात घोटलेलं ते मुरडणं बाहेर काढलं.

"भांडं बोलतंय," तो म्हणाला. "कोबी आहे अगदी. महिनाभर झाकण सैल ठेवून बसू दे."

शिडीवर रेमी खो खो हसला. अपोलीनने मात्र पट्टी हळूच खाली ठेवली.

"मग झालंच," ती म्हणाली. "मी मादामना सांगितलं की हे नवं वाटत नाही. मऊ आहे, बसलेलं आहे, वर्षभर तरी जुनं असावं. कोबीबिबी मला कुठं लागलाच नाही. बघितलंत ना मस्यू बेसों? म्हणून म्हणते, चष्मेच बरे."

युगेतचं हसू अर्ध्यावर थांबलं. ती लुदोविककडे बघत राहिली आणि लुदोविकला एकदम सगळं आठवलं. पठारावर पहिल्यांदा येणाऱ्या नवख्याची अशीच गंमत करतात. पहिला घाणा म्हणून त्याच्या हाती मागच्या वर्षीचं मुरलेलं तेल देतात. नव्या तेलाला घाण वास येतो हे त्याने ऐकलेलं असतं, म्हणून दहातले नऊ जण नाक मुरडतात आणि मग पोट धरधरून हसणं होतं. तो स्वतः पोरसवदा असताना याच मेजावर युगेतच्या सासऱ्याने त्याला असा फशी पाडला होता. मग कितीतरी वर्षांत कोणी नवखं आलंच नाही आणि हे सगळं त्याच्या डोक्यातून पार गेलं. अपोलीन फसली नव्हती. तिने बरोबर ओळखलं होतं. फसला होता तो, साठीला टेकलेला, पहिल्या खेपेच्या पोरासारखा.

युगेतने त्याच्या चेहऱ्यावर काय वाचायचं ते वाचलं. पण बाई मनाची मोठी.

"पुरे झाली थट्टा, लुदोविक," ती म्हणाली. "पोरगी रडेल आता. सांग तिला."

दार उघडं मिळालं आणि हा त्यातून सुटला. "जुनंच आहे," तो हसत म्हणाला. "मागच्या वर्षीचं. गंमत केली तुझी."

अपोलीनने आधी युगेतकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. डोळे भरले होते, पण आता ती हसायला लागली. "दुष्ट आहात दोघंही," ती म्हणाली. "माझा जीव गेला होता."

लुदोविक पाणी आणायच्या निमित्ताने नळावर गेला. त्याच्या मागोमाग युगेत आली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"फेब्रुवारी."

"तिला माहीत आहे?"

"नाही. कोणालाच नाही."

"आणि माझं तेल? तेही असंच, हवेवर पास करणार होतास?" घागर भरून वाहायला लागली तशी तिने नळ बंद केला. "तुझं नाक गेलं याचं मला वाईट वाटतंय, लुदोविक. खरंच वाटतंय. पण माझ्या दारात उभं राहून तू त्या पोरीला खोटं पाडलंस. एकदा सोडवलं तुला. पुन्हा नाही सोडवायची."

सगळे जेवायला बसले. खरबूज होतं, गव्हाचं गार सॅलड होतं, चेस्टनटच्या पानांत बांधलेलं बकरीच्या दुधाचं चीज होतं. अपोलीन भुकेलेल्या माणसासारखी जेवत होती. गेल्या कित्येक आठवड्यांत लुदोविकने तिला असं जेवताना पाहिलं नव्हतं. तो स्वतः ओला पुठ्ठा चघळावा तसा चघळत होता आणि मेजाखाली त्याचा पाय हलायचा थांबत नव्हता.

"म्हणजे मी पास," अपोलीन पावाचा तुकडा मोडत म्हणाली. "मादाम म्हणाल्या तशी दहातली दहावी. रेमी, तुम्ही आला होतात तेव्हा काय केलंत?"

"मी?" रेमी म्हणाला. "मी सासूबाईंच्या घरात लग्न ठरवायला आलो होतो. मला दिलं असतं तर मी शेणालाही छान म्हटलं असतं."

सगळे हसले. हसता हसताच अपोलीन लुदोविककडे वळली.

"मग नेरोलीच्या वेळीसुद्धा गंमतच केली होती का हो माझी?"

तिच्या मनात काही नव्हतं, सहज विचारलं होतं. युगेतची सुरी चीजवर थांबली. 'हो, गंमतच' इतकं म्हटलं असतं तरी आजचा दिवस निघून गेला असता, कदाचित सोमवारही. लुदोविकने ग्लास उचलला, न पिता खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "नेरोली जळकंच होतं. पॅरिसहून तसा फोन आला होता. मी तुला सांगितलं नाही."

"पण तुम्ही हुंगलं होतंत. माझ्यासमोर."

"मला वास येत नाही, अपोलीन. फेब्रुवारीपासून. हे चीज, हे शेत, मघाची पट्टी, काहीच नाही. मघाशी मी थट्टा केली नव्हती. मी चुकलो होतो."

रेमीचं चावणं थांबलं. अपोलीनने हातातला पाव ताटलीत ठेवला, अगदी व्यवस्थित, ताटलीच्या मधोमध.

"आणि गुलाब?"

"तुझं बरोबर होतं. शेतकऱ्याने नंतर कबूल केलं, फुलं रात्रभर पोत्यात राहिली होती."

"देवदार?"

"भेसळ होती. तू म्हणाली होतीस तीच."

"म्हणजे तुम्हाला कळत होतं. प्रत्येक वेळी, मागाहून."

"हो."

"मी रोज घरी जाऊन डोळ्यांना फडकं बांधून बसत होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "साबण, मिरी, कॉफी, आईची पावडर. स्वतःची परीक्षा घेत होते. आई म्हणायची, हिला वेड लागलंय. सगळं बरोबर यायचं आणि सकाळी तुमच्यापुढे उभी राहिले की चूक. मला वाटायचं, घरच्या वस्तूंचं काय एवढं, त्या तर कोणालाही येतील."

लुदोविकला माफी मागायची होती, पण तोंडाशी आलेला शब्द त्याला इतका फुटकळ वाटला की त्याने तो गिळला.

"आणि जूनमधलं वाळ्याचं तेल?" तिने विचारलं. या वेळी तिचा आवाज वेगळा होता. "मी म्हणाले होते उत्तम आहे. तुम्ही हुंगून म्हणालात, शाबास, उत्तमच आहे. ते तरी?"

सगळ्यांत अवघड हेच होतं. ती कशाची वाट पाहतेय ते त्याला कळत होतं आणि ते देण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं.

"त्याचं मला माहीत नाही," तो म्हणाला. "तू हो म्हणालीस म्हणून मी हो म्हणालो. जूनपासून माझं सगळं तसंच चाललंय. तुझ्या तोंडाकडे बघायचं आणि तेच म्हणायचं."

"त्या एका शाबासकीवर मी आजपर्यंत टिकले होते," अपोलीन म्हणाली.

तेवढ्यात भट्टीपाशी नळीतून काहीतरी ठिबकल्याचा आवाज आला आणि रेमी उठून धावला. "आलं," तो तिथूनच म्हणाला. "तेल सुटलं."

युगेतही उठली. कोरी पट्टी घेऊन तिने पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या थरात बुडवली आणि मेजाकडे वळली. लुदोविकच्या खुर्चीवरून हात पुढे नेऊन तिने ती पट्टी अपोलीनसमोर धरली. अपोलीनने ती घेतली. बराच वेळ हुंगत राहिली, जरा थांबून पुन्हा हुंगली. लुदोविक खाली मान घालून ताटलीतल्या खरबुजाच्या साली एकावर एक रचत होता.

"घेऊ आम्ही," ती युगेतला म्हणाली. "वरचा वास जाईल, खालचं खणखणीत आहे. पण सौदा सोमवारनंतर करू, मादाम. सोमवारी आधी यांना संचालकबाईंकडे जायचंय."